कोल्ड रूमच्या कोब्याखाली कुठलं इन्सुलेशन घालायचं? द्राक्ष-बेदाणावाल्यांसाठी पायरी पायरीने

तासगाव-सांगलीकडे बघा नाहीतर निफाड-दिंडोरीकडे, आता बरेच शेतकरी, गट, एफपीओ (शेतकरी उत्पादक कंपन्या) स्वतःची कोल्ड रूम बांधायला लागलेत. भिंतीचं पॅनेल किती जाडीचं यावर महिनाभर चर्चा होते, कंप्रेसर कुठल्या कंपनीचा यावर मतभेद होतात, आणि जमिनीखाली काय घालायचं ते मात्र शेवटच्या आठवड्यात ठेकेदार ठरवतो. भिंतीचं पॅनेल खराब झालं तर काढून दुसरं लावता येतं, मशीन बदलता येतं, पण कोब्याखाली गेलेलं इन्सुलेशन परत डोळ्यांनी बघायलाही मिळत नाही, ते बदलायचं म्हणजे रूम रिकामी करून ब्रेकर लावायचा. म्हणून सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या असं माझं ठाम मत आहे. आमच्या गटाची बेदाण्याची रूम बांधताना मी साईटवर उभं राहून हे सगळं करून घेतलंय, त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितोय.

१. आधी तापमान पक्कं करा

बेदाण्याला साधारण ४-५ अंश लागतात. ताजी द्राक्षं ठेवायची तर ० ते १ अंश आणि ९०-९५ टक्के आर्द्रता. फ्रोझन मालाचं, म्हणजे उणे १८-२० चं, गणितच पूर्ण वेगळं आहे.

शून्याच्या वरच्या रूमला जमिनीखालचं इन्सुलेशन वीज वाचवायला आणि फरशी कोरडी ठेवायला लागतं. उणे तापमानाच्या रूमला मात्र खालची माती गोठण्याचा धोका असतो. थंडी हळूहळू खाली उतरते, मातीतल्या ओलीचे बर्फाचे थर तयार होतात, ते खालून आणखी पाणी ओढतात आणि फुगून अख्खा कोबा वर उचलतात. नुसतं इन्सुलेशन जाड केलं तर हे लांबणीवर पडतं, थांबत नाही. त्यासाठी इन्सुलेशनच्या खाली हीटर मॅट, गरम ग्लायकॉलचे पाईप नाहीतर हवा खेळती ठेवणारे पाईप टाकावेच लागतात. त्यामुळे "आत्ता बेदाणा ठेवू, पुढे जमलं तर फ्रोझन करू" असं डोक्यात असेल तर ते डिझाईन करणाऱ्याला आजच सांगा, नंतर खाली पाईप घालता येत नाहीत.

२. कागद आणि सामान गोळा करा

कागद:
- सातबारा, ८अ, बांधकामाची परवानगी, मंजूर नकाशा
- रेफ्रिजरेशनवाल्याकडून हीट लोडचं (रूममध्ये कुठून किती उष्णता येते त्याचं) कॅल्क्युलेशन, त्यात फ्लोअरची ओळ वेगळी दाखवलेली पाहिजे
- स्ट्रक्चरल इंजिनिअरचं फ्लोअरचं ड्रॉइंग, थरांचा छेद आणि प्रत्येक थराची जाडी लिहिलेलं
- इन्सुलेशनचं टेस्ट सर्टिफिकेट: घनता (एका घनमीटरला किती किलो), के-व्हॅल्यू (उष्णता किती आरपार जाते, जितकी कमी तितकं चांगलं), दाब सहन करण्याची ताकद, पाणी शोषण
- कोटेशन आणि जीएसटी बिल, दोन्हीवर घनता आणि जाडी लिहून घेतलेली

आयएस ६६१ हे कोल्ड स्टोरेजच्या इन्सुलेशनचं भारतीय मानक आहे. थर्माकोलसाठी आयएस ४६७१ आणि पफसाठी (पॉलियुरेथेन फोम) आयएस १२४३६. कोटेशन मागताना हे नंबर नुसते लिहिले तरी समोरचा नीट बोलायला लागतो.

साईटवर लागणारं सामान: वजनकाटा (किराणावाल्याचा डिजिटल चालेल), टेप, लेव्हल ट्यूब, कटर, रुंद चिकटपट्टी, लाकडी फळ्या.

अनुदानाचं थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय बागवानी मंडळ किंवा एकात्मिक फलोत्पादन अभियानातून कोल्ड स्टोरेजला कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान असतं, आणि कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटीपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळते. तुमच्या योजनेत काम मंजुरीनंतरच सुरू करायचं आहे का ते खड्डा मारायच्या आधी वाचून घ्या. आणि तपासणीला अधिकारी येतात तेव्हा इन्सुलेशन काँक्रीटखाली गेलेलं असतं, म्हणून प्रत्येक थराचे लोकेशन-तारीख दिसणारे फोटो काढून ठेवा, टेप लावून जाडी दिसेल असे.

३. वजनाचा हिशोब, म्हणजे खरी निवड इथे होते

बहुतेक लोक के-व्हॅल्यूवरून माल निवडतात. फ्लोअरला आधी दाब बघायचा असतो, कारण भिंतीवर कोणी उभं राहत नाही आणि इथे टनांनी माल बसतो.

सर्टिफिकेटवर ताकद केपीए (किलोपास्कल, दाबाचं माप) मध्ये असते. १०० केपीए म्हणजे ढोबळ १० टन प्रति चौरस मीटर. पण हा आकडा बोर्ड १० टक्के दबेल तेव्हाचा असतो, आणि १०० मिमीचा बोर्ड १० मिमी दबला तर वरचा कोबा तडकणारच. वर्षानुवर्षं राहणाऱ्या वजनासाठी थर्माकोलच्या त्या आकड्याचा तिसरा हिस्साच धरायचा. म्हणजे १०० केपीए वाला बोर्ड कायमचं वजन घेणार साधारण ३ टन.

आता आपला माल. बेदाण्याचे १५ किलोचे बॉक्स सरळ जमिनीवर तीन मीटर उंच थप्पी लावले तर चौरस मीटरला दीड ते पावणेदोन टन होतात. तीन टनाच्या आत, म्हणजे साधी थप्पी असेल तर २० किलो घनतेचा, साधारण १०० केपीए वाला, थर्माकोलसुद्धा टिकतो.

रॅक असतील तर चित्र बदलतं. समजा रॅकच्या एका पायावर २ टन येतात आणि खाली १५० × १५० मिमीची बेसप्लेट आहे. कोबा १२५ मिमीचा, वजन त्यातून ४५ अंशात पसरतं असं ढोबळ धरलं, तर ते इन्सुलेशनवर ४०० × ४०० मिमी एवढ्या जागेत उतरतं, म्हणजे चौरस मीटरला साडेबारा टन! सळईचा कोबा प्रत्यक्षात याहून जास्त पसरवतो हे खरं, पण किती ते इंजिनिअरने काढायचं, ठेकेदाराने अंदाजाने सांगायचं नाही. रॅक, पॅलेट ट्रक किंवा फोर्कलिफ्ट यातलं काहीही येणार असेल तर २० किलोचा थर्माकोल डोक्यातून काढून टाका.

४. कुठला माल

बाजारात मुख्यतः तीन गोष्टी मिळतात.

थर्माकोल, म्हणजे ईपीएस. सगळ्यात स्वस्त, सगळीकडे मिळतो, के-व्हॅल्यू ०.०३४ ते ०.०३८ च्या आसपास. २० किलो घनतेला दाब साधारण १०० केपीए, २५ ला १५०, ३० ला २००. यातला धोका म्हणजे घनता न विचारता घेतलेला माल. गणपतीच्या मखराला वापरायचो तो थर्माकोल पॅकिंगचा, हलका, दाण्यादाण्यात मोकळा, त्याचं इथे काही काम नाही. आगीला रोध करणारा ग्रेडच घ्या.

एक्सपीएस. थर्माकोलचाच भाऊ, पण बंद पेशींचा आणि गुळगुळीत सालीचा. के-व्हॅल्यू ०.०२८ ते ०.०३४, दाब २०० पासून ७०० केपीए पर्यंत मिळतो, पाणी जवळजवळ पीत नाही. ३०० केपीए वाला बोर्ड कायमचं ११-१३ टन वजन घेतो, म्हणजे वरच्या रॅकच्या उदाहरणात हाच बसतो. गुलाबी, निळा, पिवळा हे रंग कंपनीप्रमाणे असतात, रंगावरून ताकद ठरत नाही.

पफ स्लॅब. के-व्हॅल्यू सगळ्यात चांगली, ०.०२२-०.०२४, पण काही वर्षांनी थोडी घसरते, आणि वरचं आवरण फाटलं की ओल धरतो. भिंतीला आणि छताला पफ उत्तमच. जमिनीखाली, जिथे ओल कायमची मुक्कामाला असते, तिथे मी पफ घेणार नाही. तयार पफ फ्लोअर पॅनेलची छोटी रूम आधीच्या फरशीवर ठेवायची असेल तर ती वेगळी गोष्ट, तिथे चालतं.

माझा सल्ला सरळ आहे. शून्याच्या वरची रूम, थप्पी, पाण्याचा निचरा चांगला, तर २५-३० किलोचा ईपीएस. रॅक किंवा फोर्कलिफ्ट, किंवा उणे तापमान, किंवा जमीन पाणथळ, यातलं एकही असेल तर एक्सपीएस. फरक पैशाचा आहे, पण तो अख्ख्या प्रोजेक्टमध्ये बघा, नुसत्या इन्सुलेशनच्या कोटेशनमध्ये बघितला तर मोठा वाटतो.

आणि दर मागताना चौरस फुटात मागू नका, घनमीटरमध्ये घनतेसकट मागा. चौरस फुटाच्या दरात जाडी आणि घनता दोन्ही लपतात.

५. जाडी

आपल्याकडे खालची जमीन वर्षभर २५-२८ अंशाच्या आसपास असते. रूम ४ अंशाला, म्हणजे फरक २३. उष्णता किती येणार याचा हिशोब: के-व्हॅल्यू भागिले जाडी मीटरमध्ये, गुणिले हा फरक. ईपीएस ०.०३६ धरला तर ५० मिमीला चौरस मीटरमागे साडेसोळा वॅट, ७५ ला ११, १०० ला सव्वाआठ. मातीचा स्वतःचा रोध धरला तर थोडं कमी येईल, पण निवड करायला एवढं पुरतं. १० वॅटच्या आत ठेवायचं हा चांगला ढोबळ नियम.

हजार चौरस फुटाच्या, म्हणजे ९३ चौरस मीटरच्या रूमला ५० मिमी घातलं तर दीड किलोवॅट उष्णता जमिनीतून सतत येत राहणार, १०० मिमीला त्याच्या निम्मी. मशीन एका युनिट विजेत अडीच युनिट उष्णता बाहेर टाकतं असं धरलं तर रोजचा फरक सात-साडेसात युनिटचा. बेदाणा स्टोअर वर्षातले दहा महिने चालतं, म्हणजे २२०० युनिटच्या आसपास. तुमच्या बिलातला दर लावा आणि पावणेपाच घनमीटर जादा मालाच्या किमतीशी ताडून बघा, उत्तर लगेच मिळेल.

थोडक्यात बेदाण्याला ७५ चालेल पण १०० घ्या, द्राक्षाला १००, उणे २० ला एक्सपीएस १५० ते २००. आणि १०० मिमी म्हणजे ५० चे दोन थर, एकच जाड बोर्ड नको. वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येता कामा नयेत, विटांच्या बांधकामासारखे सरकवून लावायचे.

६. लेव्हल! लेव्हल! लेव्हल!

प्लिंथ भरून पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) होतं, आणि मग कोणाच्यातरी लक्षात येतं की त्यावर १०० मिमी इन्सुलेशन आणि १२५ मिमी कोबा चढणार आहे. मग दारात नऊ इंचाची पायरी होते आणि हातगाडी, पॅलेट ट्रक काहीच आत जात नाही. रूमचा भाग आजूबाजूच्या फरशीपेक्षा तेवढा खाली ठेवायचा, सव्वादोनशे मिमी अधिक वरचं फिनिश. हे फाउंडेशनच्या ड्रॉइंगमध्येच आलं पाहिजे. आत धुवायची सोय हवी असेल तर उतार आणि ड्रेनचा पाईपही याच वेळी ठरवा, ट्रॅप रूमच्या बाहेर ठेवा.

७. ओल अडवणं

थर्माकोलच्या के-व्हॅल्यूच्या पंधरापटीहून जास्त पाण्याची असते. म्हणजे इन्सुलेशनमध्ये पाणी शिरलं की पैसे देऊन घातलेला थर नुसता भराव होतो.

काळी माती असेल तर ती पूर्ण काढा, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम थराथराने टाकून पाणी मारून रोलरने दाबा, मग सोलिंग (दगडांचा थर), मग १०० मिमी पीसीसी. वाळवीचं औषध भरावाच्या वेळीच मारा. वाळवी थर्माकोल खात नाही पण त्यातून वाट करते.

पीसीसीचा पृष्ठभाग घोटून सपाट करून घ्या, खडी वर आलेली असेल तर बोर्ड डुगडुगतो आणि नंतर तिथेच कोबा फुटतो. त्यावर व्हेपर बॅरियर, म्हणजे वाफ-ओल अडवणारा थर. कोल्ड रूममध्ये बॅरियर इन्सुलेशनच्या खाली, म्हणजे गरम बाजूला येतो, कारण वाफ गरम ओल्या मातीकडून थंड रूमकडे ओढली जाते. थंड देशातल्या घरांचे व्हिडिओ बघून काहीजण प्लास्टिक फक्त इन्सुलेशनच्या वर घालतात. तिथे घर उबदार आणि जमीन थंड असते, आपल्याकडे उलटं आहे.

बॅरियरला ८५/२५ ब्लोन बिटुमेन (डांबराचा ग्रेड) आणि टारफेल्ट (डांबरी कागद) हा जुना पक्का मार्ग, किंवा जाड पॉलिथीन, निदान २५० मायक्रॉन, सांध्याला सहा इंच एकावर एक घेऊन चिकटपट्टी मारलेलं. कडेला ते भिंतीवर वर वळवून भिंतीच्या बॅरियरला जोडायचंच. बहुतेक रूमची ओल या कोपऱ्यातूनच येते.

सापळा: उकळतं डांबर थर्माकोलवर पडलं तर तो वितळतो. आणि पेट्रोल-थिनर असलेला प्रायमर किंवा चिकट पदार्थ त्याला अक्षरशः खातो. प्रायमर पूर्ण वाळल्यावरच बोर्ड ठेवा, आणि आधी एका तुकड्यावर लावून बघा.

८. गाडी आली की वजन करा

१ मीटर × अर्धा मीटर × ५० मिमीची शीट म्हणजे ०.०२५ घनमीटर. घनता २० असेल तर वजन ५०० ग्रॅम, २५ ला ६२५, ३० ला ७५०. एवढं सोपं आहे. आमच्याकडे आलेल्या पहिल्या गाडीत बिलावर ३० लिहिलेलं, काट्यावर शीट सहाशेच्याही खाली. सप्लायरचा माणूस म्हणाला वाळलेला माल हलका लागतो. गाडी उतरवून घेतली नाही, दुसऱ्या गाडीतल्या शीट काट्यावर बरोबर भरल्या. गाडीच्या वेगवेगळ्या भागातून चार-पाच शीट काढून वजन करा, वरच्या एका शीटवर भरवसा ठेवू नका. ताजा माल उलट थोडा जड लागतो कारण आत ओल असते, तेव्हा तोही दोन दिवस सुकवून परत काट्यावर ठेवा. टेपने जाडी चारही कडांना बघा.

बोर्ड उन्हात उघडे ठेवू नका, पिवळे पडून वरचा थर भुगा होतो.

९. अंथरणं आणि काँक्रीट

हे काम पावसाच्या आधी उरका. खड्ड्यात पाणी साठलं की बोर्ड सरळ तरंगतात, अख्खी मांडणी विस्कटते आणि खाली चिखल जातो. हंगामाच्या मागे लागूनही करू नका. बेदाणा मार्च-एप्रिलला यायला लागतो, तर कोबा डिसेंबरपर्यंत पडलेला हवा.

बोर्ड घट्ट बसवा, फटी राहिल्या तर त्याच मालाच्या पट्ट्या कापून भरा, सिमेंटने भरू नका, ती थंडीची वाट होते. दोन्ही थर झाले की वर आणखी एक पॉलिथीन, हे काँक्रीटचं पाणी आणि स्लरी सांध्यात उतरू नये म्हणून, कडेला वर वळवलेलं.

मग सळई. कव्हर ब्लॉक सपाट तळाचे घ्या, टोकदार ब्लॉक पॉलिथीन फाडतात. लोकांना चालायला, घमेली न्यायला फळ्या टाका, बोर्डवर टाच रुतली की तिथे खड्डा पडलाच समजा. नीडल व्हायब्रेटर उभा खुपसू देऊ नका, बोर्डात शिरतो, आडवा धरायला लावा नाहीतर सरफेस व्हायब्रेटर वापरा. वर ट्रिमिक्स (काँक्रीटमधलं जादा पाणी ओढून पृष्ठभाग घोटणं) केलेलं चांगलं.

आणि उघड्या थर्माकोलजवळ वेल्डिंग अजिबात नको. रॅक, पॅनेलची चॅनेल, जे काही जोडायचं ते कोबा झाल्यावर. एक ठिणगी पुरते.

१०. कडा आणि दार

मधला भाग सगळे नीट करतात, चूक कडेला होते. जमिनीचं इन्सुलेशन आणि भिंतीच्या पॅनेलचं इन्सुलेशन एकमेकांना टेकलं पाहिजे, मध्ये काँक्रीटची किंवा पत्र्याची सलग पट्टी राहता कामा नये. पॅनेल कोब्यावर उभं केलं आणि कोबा भिंतीखालून बाहेरच्या फरशीला सलग गेला, तर थंडी त्यातून बाहेर येते आणि भिंतीलगत बाहेरच्या बाजूला कायम घाम धरतो.

दारात तर हे हमखास होतं. उंबऱ्याखाली कोबा कापून आतला आणि बाहेरचा भाग इन्सुलेशनच्या पट्टीने वेगळा करायला सांगा, ड्रॉइंगमध्ये दाखवायला लावा. नाहीतर दाराबाहेर फरशी ओली राहते, माणसं घसरतात, बॉक्सचे तळ भिजतात. आरसीसी कॉलम रूममधून जात असतील तर त्यांनाही खालपासून थोड्या उंचीपर्यंत इन्सुलेशन गुंडाळायचं असतं.

११. रूम थंड करताना

क्युरिंग पूर्ण होऊ द्या, २८ दिवस. पाणी मारताना कडेच्या वळवलेल्या पॉलिथीनच्या मागे पाणी जात नाही ना ते रोज बघा. नंतर कोबा सुकायला वेळ द्या आणि मग तापमान टप्प्याटप्प्याने उतरवा, दिवसाला ३-४ अंश. उणे तापमानाची रूम असेल तर २-३ अंशावर काही दिवस थांबवून ओल बाहेर काढा, मगच शून्याखाली न्या. एकदम उतरवलं तर कोबा आकसून तडकतो.

पहिल्या महिन्यात सकाळी दार उघडायच्या आधी बाहेरच्या कडेने एक फेरी मारा आणि भिंतीच्या तळाला, दाराच्या उंबऱ्याला हात लावून बघा. जिथे ओल किंवा गारवा लागेल तिथे खडूने खूण करून फोटो काढा आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल देण्याआधी ते दुरुस्त करून घ्या, निदान १० टक्के रक्कम त्यासाठी करारातच अडकवून ठेवलेली असू द्या.